थ्री-नॉट-थ्री, दमदम आणि आफ्रिकेतला कुडू

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

रोही आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर दोनच बाजू उमटल्या. एक म्हणे, शेतकऱ्याला बंदूक द्या आणि मोकळं करा. दुसरी म्हणे, मुक्या जनावराला मारणारे तुम्ही कोण? हा गदारोळ चालू असताना नामिबियाहून एका वर्गमित्राचा मेसेज आला. तो तिकडे खाणीत इंजिनिअर आहे, पण आपल्याच तालुक्यातला, कापसाच्या घरातला. साहेबाबरोबर एका शिकारीच्या फार्मवर नुसता बघायला म्हणून गेला होता. तिथल्या भिंतीवर लावलेल्या नियमांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "इथे मारायचं की नाही यावर पाच मिनिटं बोलतात, कोणत्या गोळीने मारायचं यावर अख्खी संध्याकाळ."

मी शिकारी नाही. एनसीसीत असताना पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या झाडल्या, त्यातली एक शेजारच्या पोराच्या टार्गेटवर लागली. माझा बंदुकीचा इतिहास इथेच संपतो. पण त्या फोटोने मला वाचायला बसवलं. आणि आफ्रिकेतल्या गोळीचा माग काढता काढता मी थेट आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमला पोचलो.

आधी तिकडचा प्रश्न समजून घेऊ. आफ्रिकेतल्या मोकळ्या गवताळ आणि झुडपी रानातल्या खुराच्या जनावरांना शिकारी लोक 'प्लेन्स गेम' म्हणतात. हत्ती, सिंह, बिबट्या, गेंडा, रानम्हैस यात येत नाहीत, तो 'धोकादायक' वर्ग वेगळा. प्लेन्स गेममध्ये इम्पाला असतो पन्नास-साठ किलोचा, कुडूचा नर अडीचशेच्या आसपास, वाइल्डबीस्ट साधारण तेवढाच, झेब्रा तीनशेचा. ईलँडचा मोठा नर तर आठशे किलोच्या वर जातो. आपला रोह्याचा नर धरा कुडूएवढा. आता एकाच सकाळी, एकाच रायफलसमोर पन्नास किलोचा इम्पालाही येऊ शकतो आणि आठशेचा ईलँडही. मग बरोबर काडतूस कोणतं न्यायचं? तिकडची सगळी डोकेफोड इथून सुरू होते.

नामिबियाने याला कायद्यात आकडा दिलाय. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावराला गोळीची ऊर्जा कमीत कमी १३५० जूल हवी. कुडू, ओरिक्स, वाइल्डबीस्ट, ईलँड यांना २७०० जूल. रानम्हैस आणि हत्तीला ५४००. यापेक्षा कमी ताकदीची रायफल घेऊन गेलात तर शिकार बेकायदा. पण जूल म्हणजे अर्धंच उत्तर. गोळीत ताकद किती हे त्यातून कळतं, ती जनावराच्या अंगात गेल्यावर काय करते ते कळत नाही. आणि ते दुसरं अर्ध उत्तर शोधायला माणसाला चाळीस-पन्नास वर्षं आणि दोन-तीन युद्धं लागली.

एक फरक लक्षात ठेवा. काडतूस म्हणजे पितळी नळी, त्यातली दारू, बुडाची टोपी आणि टोकाची गोळी असं सगळं मिळून. गोळी म्हणजे उडून जातो तो तुकडा. काळ्या दारूच्या जमान्यात ही गोळी नुसत्या शिशाची, जाड आणि तुलनेने संथ असायची. शिसं मऊ, त्यामुळे अंगात शिरलं की आपोआप चपटं व्हायचं आणि मोठी जखम करायचं. शिकाऱ्यांनी त्यातही अक्कल लढवली होती. 'एक्सप्रेस' रायफलींच्या गोळीला टोकाला भोक ठेवायचे, म्हणजे ती आणखी लवकर उमलायची. हिंदुस्थानात वाघ-सांबर मारणारे साहेब लोक त्याच वापरायचे. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

१८८०-९०च्या दशकात बिनधुराची दारू आली. ब्रिटिशांच्या दारूचं नाव कॉर्डाइट. गोळी आता सेकंदाला सहाशे मीटरच्या वेगाने जाऊ लागली आणि एवढ्या वेगाला उघडं शिसं नळीतच खरवडलं जायला लागलं. म्हणून शिशावर कठीण धातूचं कवच चढवलं. ब्रिटिश सैन्याची नवी थ्री-नॉट-थ्री ही अशी कवचवाली. हो, तीच थ्री-नॉट-थ्री, जी आपल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण परवापरवापर्यंत बघितली.

ही गोळी लांब जायची, अचूक जायची, पण माणसाच्या अंगातून सुईसारखी आरपार निघायची. १८९५च्या चित्रळच्या मोहिमेत सरहद्दीवरचे पठाण गोळी लागूनही पुढे येत राहतात अशी सैनिकांची तक्रार आली. मग दमदमच्या शस्त्रागाराचा अधिकारी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने साधी युक्ती केली. टोकाजवळचं कवच थोडं कमी केलं आणि आतलं शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरली की ही गोळी अळंबीसारखी पसरायची. जगभर तिला 'डमडम' म्हणतात, आणि लाखो लोकांना हे आपल्याकडच्या गावाचं नाव आहे याचा पत्ताही नाही.

(दमदमचं नाव काडतुसाच्या भानगडीत दुसऱ्यांदा येतंय, बरं का. जानेवारी १८५७ मध्ये चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज सैन्यात पसरली ती याच दमदममधून. तिथल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाला टोमणा मारला आणि पुढचं सगळं आपण शाळेत शिकलोय.)

दमदमने ही गोळी शोधली असं सर्रास लिहितात. ते मला पटत नाही. टोक उमलणारी गोळी शिकाऱ्यांच्या पट्ट्यात आधीपासून होती. दमदमने एवढंच केलं की जनावराची गोळी माणसावर वळवली. तिराहच्या मोहिमेत, म्हणजे १८९७-९८ मध्ये, ती आफ्रिदींवर वापरली गेली. पाठोपाठ सुदान. तिथल्या सैनिकांकडे नव्या गोळ्या वेळेवर पोचल्या नव्हत्या, तर त्यांनी कानशीने साध्या गोळ्यांची टोकं घासून घरगुती डमडम तयार केल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये ओम्डुरमानला टोकाला पोकळी असलेली नवी गोळी चालली. एका सकाळीत दहा हजारांहून जास्त सुदानी माणसं मेली. ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे मेलेले पन्नासच्या आसपास. अर्थात त्यात तोफा आणि मॅक्झिम गनचाही मोठा वाटा होता.

युरोपात बोंब झाली. जर्मनीतल्या ट्युबिंगनचे सर्जन प्रा. ब्रुन्स यांनी प्रयोग करून भयंकर जखमांचं वर्णन छापलं. ब्रिटिशांनी उलट उत्तर दिलं की, अहो, तुम्ही ज्या तपासल्या त्या मुळी शिकारीच्या गोळ्या, आमच्या दमदमच्या नाहीत. बचाव तांत्रिकदृष्ट्या खरा होता. पण बघा, भांडण कशावर आलं? माणसावर झाडायची गोळी शिकारीच्या गोळीपेक्षा किती कमी वाईट, यावर.

जुलै १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अंगात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात. ब्रिटनचे जनरल आर्डा यांचा मुद्दा काय होता, तर सुधारलेल्या देशाचा सैनिक एक गोळी लागली की समजून खाली बसतो, रानटी माणूस मात्र तसाच अंगावर येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते. त्या यादीत आपणही होतो, हे वेगळं सांगायला नको. ब्रिटनने तो ठराव मान्य केला १९०७ मध्ये.

इथून गोष्ट उलटी फिरते. माणसावर झाडायला ज्या गोळीवर बंदी आली, तीच जनावराच्या बाबतीत चालू राहिली आणि बऱ्याच ठिकाणी सक्तीची झाली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर पूर्ण कवचाची लष्करी गोळी झाडणं आज गुन्हा आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हे चमत्कारिक वाटलं. कारण मात्र सरळ आहे. युद्धात समोरचा जखमी झाला तरी काम भागतं, त्याला उचलायला माणसं असतात, दवाखाना असतो. कुडूला दवाखाना नाही. पोटातून सुईसारखी गोळी आरपार गेली तर तो पाच-सात किलोमीटर पळतो, काटेरी झुडपात बसतो आणि दोन-तीन दिवसांनी सडून मरतो. उमललेली गोळी फुप्फुसातून गेली तर शंभर पावलांत खेळ खलास. माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य, ते जनावराच्या बाबतीत त्यातल्या त्यात कमी दुःख.

आफ्रिकेत हे शिकायला लोकांनी मोठी किंमत दिली. त्यात आपली माणसं होती. १८९८ मध्ये केनियात त्सावो नदीवर रेल्वेचा पूल चालू होता. युगांडा रेल्वे नावाच्या त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबचे. दोन सिंह रात्री तंबूतून मजूर ओढून नेत. इंजिनिअर पॅटरसन साहेबाकडे स्वतःची थ्री-नॉट-थ्री होती, पण ती कमी पडेल म्हणून एकदा त्याने सहकाऱ्याची जास्त ताकदीची दुनळी अदलाबदल करून घेतली. सिंह पुढ्यात आला, घोडा दाबला, आणि काडतूस फुसकं निघालं. नुसती 'टक'. त्या धक्क्यात दुसरी नळी भरलेली आहे हेच तो विसरला. सिंह निघून गेला. पुढे त्याच डिसेंबरात त्याने दोन्ही मारले. दुसऱ्याला बऱ्याच गोळ्या लागल्या आणि जखमी असूनही तो अंगावर आला. मेलेल्या माणसांचा आकडा पॅटरसनने पुढे १३५ पर्यंत नेला, अलीकडच्या संशोधनात तो पस्तीसच्या आसपास येतो. ते दोन सिंह आज पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत.

लहान गोळी आणि अचूक नेम यांचा सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल. त्याने हजारावर हत्ती मारले. आज हे वाचताना पोटात ढवळतं, हस्तिदंताचा धंदाच होता तो. पण गोळीच्या इतिहासात त्याला टाळता येत नाही. बाकीचे अंगठ्याएवढ्या जाड गोळ्यांच्या दुनळ्या वापरत असताना याने बहुतेक हत्ती पॉइंट २७५ रिग्बीने मारले. म्हणजेच जर्मन सात मिलिमीटर माउझर, बोअर युद्धात ब्रिटिशांवर चाललेलं काडतूस. हत्तीच्या कवटीला करवत लावून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने पाहून ठेवलं होतं. हत्तीच्या कवटीतून आत जायला उमलणारी गोळी कामाची नाही, म्हणून तो पूर्ण कवचाची लांब गोळी वापरायचा. त्याचं बघून लहान रायफली घेऊन गेलेल्या कितीतरी हौशी लोकांनी जनावरं नुसती जखमी केली. त्यांनी बेलची रायफल घेतली, करवत घेतली नाही.

याच काडतुसाची रिग्बी रायफल १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळाली होती. कॉर्बेट म्हातारपणी केनियातच जाऊन राहिला.

१९०७ सालची आणखी एक गंमत. सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये पॉइंट ४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. भीती ही, की त्यातल्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागतील. लंडनच्या बंदूकवाल्यांचं हिंदुस्थानी गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. मग त्यांनी बंदीच्या फटीतून जाणारे नवे बोअर काढले. पॉइंट ४६५, ४७०, ४७५. हेच पुढे आफ्रिकेत हत्ती-म्हशीसाठी नावाजले गेले आणि पॉइंट ४७० आजही तिकडे चालतं. आपल्याकडच्या बंडाच्या धसक्याने आफ्रिकेतल्या शिकारीची मापं बदलली. आपल्याकडे नागरिकांना थ्री-नॉट-थ्री न मिळता पॉइंट ३१५ मिळते, त्यामागेही सैन्याचं काडतूस रयतेच्या हाती नको हाच हिशेब.

रूझवेल्टसारख्यांच्या सफारीवर मी फार थांबत नाही. अमेरिकेचा माजी अध्यक्ष १९०९ मध्ये मोंबासाला उतरला आणि त्याने व त्याच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. बरोबर हलकी, मधली, जड अशा तीन तऱ्हेच्या रायफली होत्या. हमालांची रांग असेल तर निवड करायची गरजच पडत नाही.

साध्या शिकाऱ्याचा प्रश्न सुटला तो १९४०च्या दशकात, आणि तोही आफ्रिकेत नाही. जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीला गेला. अंगावर चिखलाचा जाड थर वाळलेला मूस समोर उभा होता. वेगवान रायफलची मऊ गोळी त्याच्या खांद्यावर आपटून वरच्या वर फुटली, आत पोचलीच नाही. म्हणजे कवच पूर्ण असेल तर गोळी आरपार आणि मऊ असेल तर कातडीवरच चिंध्या. नॉस्लरने गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत ठेवली. पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून आत घुसतो. १९४८ पासून ती विकायला लागली. ईलँडला पुरते आणि इम्पालाच्याही चिंधड्या करत नाही, अशी एकच गोळी त्यामुळे शक्य झाली. माझ्या मित्राने पाठवलेल्या नियमात म्हणूनच लिहिलंय की काडतूस यादीतल्या सगळ्यात मोठ्या जनावराकडे बघून निवडा, लहानाकडे बघून नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेतच अख्ख्या तांब्याची गोळी आली. शिसं नाहीच. त्याचं महत्त्व नंतर कळलं. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि फेकलेल्या आतड्यात राहतात, ते गिधाडं खातात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांपायी २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आफ्रिकेत बोत्सवानातल्या गिधाडांच्या रक्तातही शिसं सापडलं, शिकारीच्या हंगामात जास्त. आपली गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली. मेलेल्या जनावराच्या अंगात आपण काय सोडतो याचा हिशेब तिकडेही गिधाडांनीच चुकता केला.

आता तो भिंतीवरचा फोटो. त्यातले मला महत्त्वाचे वाटलेले नियम सांगतो. पहिल्या दिवशी शिकार नाही. आधी स्वतःच्या रायफलने, स्वतःच्या काडतुसाने कागदावर नेम दाखवा. दोनशे मीटरच्या पुढे झाडायचं नाही. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर, कारण तिकडच्या हरणांचं काळीज पुढे आणि खाली असतं आणि अमेरिकन पाहुणे सवयीने मागे मारून पोट फोडतात. आणि शेवटचा नियम, मोठ्या अक्षरात: रक्ताचा थेंब दिसला की जनावर तुमचं. सापडो न सापडो, पूर्ण पैसे भरायचे, आणि माग काढणारा माणूस व कुत्रा अंधार पडेपर्यंत शोध सोडणार नाही. मित्राच्या साहेबाचा वाइल्डबीस्ट साडेचार तासांनी सापडला. त्या साडेचार तासांत कोणी जेवलं नाही.

ही आफ्रिकेची आरती नाही. पैसेवाल्या परदेशी माणसाने भिंतीवर शिंगं लावायला जनावर मारावं हे मला आजही रुचत नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, बोत्सवानाने २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये परत उघडली, म्हणजे त्यांचंही एकमत नाही.

पण आपल्याकडे काय चाललंय बघा. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक जनावरांना मारण्याची परवानगी देण्याची सोय आहे. त्या कलमात कोणतं काडतूस, किती अंतर, जखमी जनावराचा माग कोणी काढायचा, याबद्दल एक शब्द नाही. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मोकाम्याकडे दोनशेवर नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली. तीही मारायच्या की नाही यावरच. आपल्या भागात परवाना असलेल्या घरात बहुतेक बारा बोअरची दुनळी असते आणि त्यात एलजीचे छर्रे. तीस-चाळीस मीटरच्या पुढे ते छर्रे विखुरतात. कुडूएवढ्या जनावराला, रात्री, बॅटरीच्या उजेडात, शंभर मीटरवरून. नामिबियात या माणसाला पोलिसांनी धरलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका तुरीच्या वावरात बातमीसाठी गेलो होतो. वासाने जागा सापडली. रोह्याची मादी, पोटात चार भोकं, पू भरलेला, आणि अजून जिवंत. डोळे उघडझाप करत होती. शेतकरी म्हणाला, "माझ्या हातची नाही साहेब, कोणाच्या हातची ते माहीत नाही, तीन दिवस झाले हिला हितं." वनखात्याची गाडी संध्याकाळी आली. तोवर ती गेली होती. ज्याचा हरभरा तिने खाल्ला असेल त्याचा राग मला समजतो, मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे. पण त्या चार भोकांसाठी कोणाला काही भरावं लागलं नाही.

सोमवारी तहसीलला पीकनुकसानीची बैठक आहे. परवानग्या वाढवा अशी मागणी होणार आणि ती बहुतेक मान्य होईल. मी तीन प्रश्न लेखी देणार आहे. बंदूक आणि काडतूस कोणतं याची अट घालणार का? परवानगी देण्याआधी नेम तपासणार का? आणि जनावर जखमी होऊन पळालं तर त्याच्या मागे कोण जाणार, कोणाच्या खर्चाने? अजून कोणाला काही विचारायचं असेल तर रविवारी रात्रीपर्यंत कळवा, त्याच कागदावर घालतो. उत्तर मिळालं की इथेच टाकतो. नाही मिळालं तर तेही टाकतो.